अर्ली ॲक्सेसमध्ये गेम आणताय? खेळाडूंच्या अपेक्षांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी इथल्या दोन ते पाच जणांच्या टीम डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. नियम स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचे आहेत, कारण पीसीवरचा पहिला गेम विकायला बहुतेक जण तिथंच जातात. उदाहरणासाठी एक काल्पनिक गेम धरलाय: रात्री देवगिरी किल्ल्यात शिरायचं, पहारेकऱ्यांना चुकवत अंबरकोट, महाकोट, कालाकोट पार करायचे आणि अंधारी या काळोख्या बोगद्यातून वर बारादरी गाठायची. यातला महाकोटापर्यंतचा भाग तयार आहे, पुढचा व्हायचाय.

अर्ली ॲक्सेस म्हणजे प्री-ऑर्डर का?

नाही. अर्ली ॲक्सेस म्हणजे गेम बनत असतानाच विकायला ठेवणं. प्री-ऑर्डरमध्ये गिऱ्हाईक उद्याच्या मालाचे पैसे आज देतं. अर्ली ॲक्सेसमध्ये पैसे आजच्या मालाचे असतात आणि पुढचे अपडेट त्यातच येतात. स्टीमवर ही सोय मार्च २०१३ मध्ये सुरू झाली. आजही प्रत्येक अर्ली ॲक्सेस गेमच्या पानावर एक निळी चौकट असते. गेम आत्ता आहे त्या अवस्थेत खेळावासा वाटत नसेल तर थांबा, असं स्टीम त्यात गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगतं. तुमच्या पानावरचा बाकी मजकूर या चौकटीच्या उलट बोलत असेल, तर भांडणाला सुरुवात तिथूनच होते.

मराठीत सांगताना शब्द जपून वापरा. कॉलेजच्या टेक-फेस्टमध्ये स्टॉलवर ‘अर्धवट गेम’ लिहिलं की लोक हसून पुढं जातात, आणि नुसतं ‘अर्ली ॲक्सेस’ लिहिलं की निम्म्यांना ती ऑफर वाटते. ‘हा गेम अजून बनतोय, महाकोटापर्यंत खेळता येतो’ एवढी पाटी पुरते.

किती तयार झाला की गेम आणावा?

टक्क्यांत मोजू नका, ‘साठ टक्के झालाय’ याला काही अर्थ नसतो. खेळाचं मुख्य चक्र पूर्ण आहे का ते बघा. आपल्या उदाहरणात ते असं: शिरणं, दिसणं, पळणं, लपणं, निसटणं. किल्ल्याचा एकच भाग असला तरी हे पाचही टप्पे तिथं नीट चालले पाहिजेत. भाग नंतर वाढवता येतात. चक्रातला एक टप्पा नसेल, तर खेळाडूच्या हातात फक्त नमुना पडतो, आणि नुसता तांत्रिक नमुना अर्ली ॲक्सेसमध्ये विकू नका असं स्टीमही सांगतं.

चाचणी सोपी आहे. ओळखीच्या नसलेल्या पाच जणांना बसवा आणि स्वतः मागं गप्प उभे राहा. एक शब्दही सांगायचा नाही. कोण कितव्या मिनिटाला अडला, कोणी कुठं मोबाईल बाहेर काढला, ते लिहून ठेवा. गेम किमान दोन तास धरून ठेवतो का, हे बघायचंय. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर रिफंड मिळतो, म्हणजे तुमचा निकाल त्या दोन तासांतच लागतो.

सरळ रेषेत जाणारी, एकदाच खेळायची गोष्ट असेल तर अर्ली ॲक्सेस शक्यतो टाळा. पहिला अर्धा भाग खेळलेला माणूस दुसऱ्यासाठी वर्षभरानं क्वचितच परततो. फक्त बग शोधून हवे असतील तर स्टीमचं प्लेटेस्ट (लोकांकडून गेम खेळवून तपासायची सोय) फुकट आहे, त्यात कुणाचे पैसे अडकत नाहीत.

स्टीम फॉर्ममध्ये सहा प्रश्न विचारतं. त्यांची उत्तरं कशी लिहायची?

अर्ली ॲक्सेस का, किती काळ, पूर्ण आवृत्तीत काय वेगळं असेल, आत्ताची अवस्था काय, किंमत बदलणार का, आणि खेळाडूंना कसं सामील करून घेणार. ही उत्तरं जशीच्या तशी स्टोअर पेजवर छापली जातात. बरेच जण रात्री दोन वाजता ती कशीबशी भरून टाकतात. पुढं वाद झाला की खेळाडू स्क्रीनशॉट मात्र याच मजकुराचा काढतो.

सगळ्यात जास्त वेळ ‘आत्ताची अवस्था’ या उत्तराला द्या. वाईट उत्तर असं असतं: ‘गेमचा पाया भक्कम असून अनेक थरारक स्थळं खेळता येतात.’ आता हे वाचा: ‘अंबरकोट आणि महाकोट खेळता येतात. पहिल्यांदा खेळायला साधारण तीन ते चार तास लागतात. पहारेकऱ्यांचे तीन प्रकार आहेत. कंट्रोलर चालतो. सेव्ह फक्त चौकीवर होतो. कालाकोट, खंदक, अंधारी, बारादरी अजून नाहीत. माहीत असलेला त्रास: पाऊस चालू असताना जुन्या ग्राफिक्सवर गेम अडखळतो.’ दुसरं उत्तर वाचून काही जण विकत घेणार नाहीत. घेतलं असतं तर त्यांनीच रिफंड मागितला असता.

‘पूर्ण आवृत्तीत काय’ इथं भविष्यातल्या गोष्टींची ठोस वचनं देऊ नका, स्टीमचा तसा नियमच आहे. ‘अंधारी हा पुढचा मोठा भाग, त्यावर काम चालू आहे’ हे चालतं. ‘दिवाळीला अंधारी, मार्चमध्ये मल्टिप्लेअर’ हे लिहू नका. आणि मजकूर दर मोठ्या अपडेटला बदला. कालाकोट येऊन चार महिने झाले आणि पान अजून ‘कालाकोट नाही’ म्हणतंय, ही चूक हमखास होते.

ट्रेलरमध्ये पुढच्या भागाची झलक दाखवली तर चालेल का?

नको. ट्रेलर आणि स्क्रीनशॉटमध्ये आजच्या बिल्डमधलंच (गेमच्या चालत्या आवृत्तीतलंच) चित्र हवं. अंधारी हे किल्ल्याचं सगळ्यात गाजलेलं ठिकाण, मशालीच्या उजेडातला तो बोगदा दाखवायचा मोह होणारच. पण ट्रेलर पाहून आलेला माणूस तोच बोगदा शोधत बसतो. खाली बारीक अक्षरात ‘डेव्हलपमेंटमधलं दृश्य’ लिहिलेलं मोबाईलवर कोणी वाचत नाही. बनत असलेलं दाखवायचं तर अपडेटच्या बातमीत दाखवा. ती मुख्यतः आधीपासून तुमचा गेम फॉलो करणारेच वाचतात.

किती महिने लागतील म्हणून सांगावं?

कामाची यादी करा, प्रत्येक कामाला आठवडे लावा, बेरीज करा आणि दुप्पट करा. हे उगाच सांगत नाही. बेरजेत बग दुरुस्ती, खेळाडूंना उत्तरं, स्टोअरची कामं, कुणाची परीक्षा, कुणाच्या घरची पेरणी आणि लग्नसराई यातलं काहीच धरलेलं नसतं. बेरीज सहा महिने आली तर ‘साधारण एक वर्ष, जास्तही लागू शकतं’ लिहा.

मोठ्यांनाही वेळ लागतोच. बाल्डर्स गेट ३ ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण झाला. या पावणेतीन वर्षांत विकत घेणाऱ्याला पहिल्याच अंकातला भाग खेळता येत होता, पण ते विकताना सांगितलेलं होतं.

रोडमॅप (पुढच्या कामांचा आराखडा) द्यावा का?

द्या, पण तारखांशिवाय. तीन रकाने पुरतात: ‘काम चालू’, ‘त्यानंतर’, ‘विचारात’. पहिल्या रकान्यात दोनपेक्षा जास्त गोष्टी नकोत. ज्याचा कच्चा नमुना स्वतः चालवून पाहिलेला नाही, ते पहिल्या दोन रकान्यांत घालायचं नाही. ‘विचारात’खाली स्पष्ट लिहा: यातलं काही रद्दही होऊ शकतं.

चित्राच्या रूपातला रोडमॅप टाळा. ते चित्र व्हॉट्सॲपवर आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर फिरत राहतं. तुम्ही मूळ बदलता, जुनं फिरतंच.

रॉकेट बांधून अवकाशात जायचा गेम ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम २’ हे इथलं गाजलेलं उदाहरण. फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० डॉलरला आला. रोडमॅपवर विज्ञान, वसाहती, दुसरे तारे, मल्टिप्लेअर अशी रांग होती. विज्ञानाचा अपडेट त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आला, वसाहती आल्याच नाहीत. पहिल्या दिवशीच गेम महागड्या ग्राफिक्स कार्डांवरही अडखळत होता. लोकांना राग आला तो खालच्या पायरीचा पत्ता नसताना वरच्या पायऱ्या दाखवल्याचा.

किंमत आत्ता कमी ठेवून नंतर वाढवावी का?

चालतं, फक्त पहिल्या दिवसापासून लिहिलेलं हवं. ‘आत्ता ३४९ रुपये, पूर्ण झाल्यावर वाढेल’ एवढं बस. वाढवायच्या किमान दोन आठवडे आधी बातमी टाका. किंमत वाढवल्यावर ३० दिवस सूट देता येत नाही, म्हणून सेलच्या तोंडावर वाढवू नका. ‘यापुढे कधीच एवढा स्वस्त मिळणार नाही’ हे वाक्य लिहूच नका. पुढच्या सेलमध्ये तेच तुमच्या अंगावर येईल.

आपल्याकडच्या खेळाडूंची मशीन साधी, नेट मोबाईलचं, त्यात लाईट जाते. त्यांना काय सांगायचं?

सांगण्याआधी तीन गोष्टी करायच्या आहेत.

पहिली, किमान मशीन. डेव्हलपरच्या मशीनवर अंदाज बांधू नका. ८ जीबी रॅम आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सचा एक जुना लॅपटॉप मिळवा. पॉवर सेव्हर चालू, मागं ब्राउझर उघडा, अशा अवस्थेत अर्धा तास खेळा. गरम झाल्यावर वेग पडतो, म्हणून पहिल्या पाच मिनिटांचा आकडा धरायचा नाही. मग लिहा: ‘किमान मशीनवर ७२० पी, लो सेटिंग, ३० एफपीएस.’ नुसतं ‘८ जीबी रॅम’ लिहिलं की खेळाडू हाय सेटिंगचं चित्र मनात धरतो.

दुसरी, पॅचचा (दुरुस्तीच्या अपडेटचा) आकार. वसतिगृहातला मुलगा दिवसाला दीड-दोन जीबीच्या डेटावर असतो. एका दरवाजाच्या दुरुस्तीसाठी ३ जीबी उतरायला लागले तर त्याचा राग रास्त आहे. स्टीम प्रत्येक फाइलचे साधारण १ एमबीचे तुकडे करतं आणि बदललेले तुकडेच पाठवतं. सगळा गेम एकाच मोठ्या पॅक फाइलमध्ये कोंबला आणि दर बिल्डला आतला क्रम बदलला, किंवा अख्खी फाइल एकत्र कॉम्प्रेस केली, तर बारीकशा बदलानंही सगळे तुकडे नवे ठरतात. शिवाय ती फाइल खेळाडूच्या डिस्कवर नव्यानं बांधली जाते, तेवढी मोकळी जागा लागते आणि जुन्या हार्ड डिस्कवर वेळ जातो. म्हणून भागवार पॅक करा: अंबरकोट वेगळा, महाकोट वेगळा, आवाज वेगळे. नवा मजकूर नव्या पॅकमध्ये घाला. बिल्ड सगळ्यांना देण्याआधी चाचणी ब्रांचवर (स्टीमवर वेगळ्या ठेवलेल्या आवृत्तीत) टाकून डाउनलोड किती होतो ते स्वतः पाहा आणि बातमीच्या पहिल्या ओळीत लिहा: ‘डाउनलोड ४० एमबी.’

तिसरी, सेव्ह. डेस्कटॉपला यूपीएस नाही, सेव्ह होत असताना लाईट गेली, फाइल अर्धी लिहिली गेली, आठ तासांचा खेळ गेला. उपाय जुना आणि स्वस्त आहे. आधी दुसऱ्या नावाच्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, लिहिलेलं डिस्कवर उतरल्याची खात्री करा, मगच तिचं नाव बदलून मूळ जागी आणा. मागच्या तीन सेव्ह जपून ठेवा. फाइल खराब निघाली तर गेमनं ‘मागचा सेव्ह उघडू का?’ असं विचारावं. आणि हे सगळं आपल्या मशीनचा प्लग खेचून तपासा.

आता सांगायचं काय? वर जे मोजलंत तेच. ‘साध्या लॅपटॉपवरही मस्त चालतो’ या वाक्यातला ‘मस्त’ प्रत्येकाचा वेगळा असतो.

‘मराठीत येणार’ असं आधीच जाहीर करू का?

फॉन्ट तपासल्याशिवाय नको. देवनागरीला अक्षरांची जुळणी लागते: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी जाते, रफार उडी मारतो, जोडाक्षरं बनतात. गोडो ४ आणि अनरिअल ही गेम बनवायची इंजिनं हे करतात. युनिटी इंजिनात मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये ही जुळणी नाही, तिथं ‘किल्ला’मधली वेलांटी ‘क’च्या मागं जाऊन बसते आणि ‘ल्ला’ फुटतो. वेगळं प्लगइन घ्यावं लागतं किंवा मजकूर आधीच रूपांतरित करावा लागतो. एका मेन्यूचा स्क्रीनशॉट नीट आला की मगच जाहीर करा.

स्टोअर पेजवर भाषेपुढं इंटरफेस, आवाज, सबटायटल अशा तीन वेगळ्या खुणा असतात. आवाज इंग्रजीत आणि मेन्यू मराठीत असेल तर इंटरफेसचीच खूण करा. आपलेच लोक मराठीच्या ओढीनं घेतात, आणि फसलो असं वाटलं तर जास्त चिडतात ते हेच.

जाता जाता: विंडोजच्या खात्याचं नाव देवनागरीत असलेला एक तरी खेळाडू भेटतोच. सेव्हच्या पाथमध्ये ते नाव आलं की काही लायब्रऱ्या गडबडतात आणि गेम सुरूच होत नाही. तसं खातं बनवून एकदा चालवून पाहा.

अपडेटमुळे जुने सेव्ह चालणार नसतील तर?

‘सेव्ह मोडू शकतात’ हे स्टोअर पेजवर आधीपासून असावं. मोडायच्या आठवडाभर आधी बातमी आणि मुख्य मेन्यूत पाटी लावा. जुनं बिल्ड वेगळ्या ब्रांचवर ठेवा. लायब्ररीत गेमवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, बीटाचा टॅब, तिथं जुनी आवृत्ती निवडायची, या पायऱ्या बातमीत लिहून द्या. सेव्ह फाइलमध्ये आवृत्तीचा आकडा पहिल्या दिवसापासून घाला. तो नसेल तर गेमला जुना सेव्ह ओळखताच येत नाही आणि ‘हा सेव्ह जुना आहे’ म्हणण्याऐवजी तो क्रॅश होतो.

वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यावं का? कसं?

द्यावं, एकदा, नेमकं. समजा असा रिव्ह्यू आलाय:

‘कामून बंद पडायलाय ओ गेम? दुसऱ्या दरवाजापाशी गेलं की काळी स्क्रीन. पैसे पाण्यात.’

याला ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आमची टीम यावर काम करत आहे’ हे उत्तर म्हणजे बँकेतला फोन. असं लिहा:

‘भाऊ, ही काळी स्क्रीन ०.३.२ मध्ये जुन्या इंटेल ग्राफिक्सवर येतेय. सेटिंगमध्ये सावल्या बंद केल्या की दरवाजा पार होतो. दुरुस्ती ०.३.३ मध्ये घातलीय, टेस्टिंग चालू आहे. थांबायचं नसेल आणि घेऊन १४ दिवस व्हायचे असतील, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर स्टीमवर रिफंड मिळतो.’

पॅच आल्यावर त्याच उत्तरात ‘०.३.३ मध्ये दुरुस्त झालं’ एवढं वाढवा. रिव्ह्यू बदला असं म्हणू नका, त्याबदल्यात काही देऊ तर अजिबात नका.

आकडेही माहीत असू द्या. १० रिव्ह्यू झाल्याशिवाय स्टीम एकूण शेरा दाखवत नाही. सकारात्मक रिव्ह्यू ७० टक्क्यांखाली गेले की शेरा ‘मिक्स्ड’ होतो. मित्रांना फुकट की (गेम मिळवायचा कोड) देऊन घेतलेले रिव्ह्यू या टक्केवारीत धरले जात नाहीत. अर्ली ॲक्सेसमधले रिव्ह्यू त्या खुणेसह राहतात आणि पुढंही मोजले जातात. ‘१.० ला (पूर्ण आवृत्ती आली की) सगळं धुऊन निघेल’ ही समजूत सोडा.

डिस्कॉर्डवर रोज पन्नास सूचना येतात. सगळ्यांना हो म्हणायचं का?

‘बघतो’ हासुद्धा होकार धरला जातो. तीन शिक्के ठरवा: ‘घेतलं’, ‘घेणार नाही’, ‘नोंदवलं, ठरलं नाही’. नकाराला एका ओळीचं कारण द्या: ‘बंदूक येणार नाही, हा लपण्याचा खेळ आहे.’ उत्तर एकाच माणसानं द्यावं. प्रोग्रॅमरनं उत्साहात रात्री टाकलेला ‘हे सोपंय, करतो’ हा मेसेज सहा महिन्यांनी परत येतो.

बगसाठी बिल्डचा आकडा, ग्राफिक्स कार्ड, शेवटी काय केलं आणि लॉग फाइल (गेमनं स्वतः केलेल्या नोंदी), एवढंच मागा. लॉग विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये कुठंतरी खोल असतो, खेळाडूला तो सापडत नाही. मेन्यूत ‘लॉगचा फोल्डर उघडा’ असं बटण द्या आणि बिल्डचा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम दिसू द्या.

सांगितलेली वेळ चुकली तर?

चुकायच्या आधी सांगा, नंतर नाही. काय झालं, काय राहिलं, का राहिलं, असं तीन-चार ओळीत. नवी तारीख तेव्हाच द्या जेव्हा बिल्ड टेस्टिंगला गेलेलं असेल. काही घडलं नसलं तरी दोन-तीन आठवड्यांनी एक छोटी बातमी टाका. वर्षभरापेक्षा जास्त काळ अपडेट नसेल तर फेब्रुवारी २०२५ पासून स्टीम तसं पानावर स्वतःच लिहितं, आणि ती ओळ वाचून कोणी विकत घेत नाही.

यूट्यूबरला वेगळं, चांगलं बिल्ड दिलं तर?

मुळीच नको. विकताय तेच बिल्ड द्या. सोबत एक पान: काय आहे, काय नाही, माहीत असलेले बग. ‘हा अर्ली ॲक्सेस आहे’ हे व्हिडिओच्या सुरुवातीला बोलायची विनंती करा.

नेक्स्ट फेस्टमध्ये (स्टीमवरच्या डेमोंच्या उत्सवात) अर्ली ॲक्सेसनंतर भाग घेता येईल का?

नाही, तो विक्रीला न आलेल्या गेमसाठी आहे, आणि एका गेमला एकदाच. आधी डेमो, मग फेस्ट, मग अर्ली ॲक्सेस.

१.० कधी म्हणायचं?

फॉर्ममध्ये ‘पूर्ण आवृत्तीत काय’ खाली लिहिलेलं आलं, किंवा जे येणार नाही ते कारणासकट जाहीर झालं, की मग. विशलिस्टवाल्यांना (ज्यांनी स्टीमवर गेम ‘हवाय’ म्हणून नोंदवलाय त्यांना) अर्ली ॲक्सेसला एक ईमेल जातो आणि १.० ला दुसरा. तो दुसरा कंटाळून, घाईघाईत खर्च करू नका.

पैसे संपले, पुढं काम होणार नाही. काय करायचं?

त्याच आठवड्यात सांगा. आधी विक्री थांबवा, मग बातमी टाका. उलट क्रमानं केलंत तर मधल्या तासांत घेणारे हकनाक फसतात. शेवटचं बिल्ड स्थिर करा, अर्धवट मेन्यू आणि ‘लवकरच’च्या पाट्या काढा, सर्व्हर लागत असेल तर ऑफलाइन चालेल असं करा. ज्यांनी घेतलाय त्यांच्या लायब्ररीत तो राहतोच. अचानक बंद पडण्याचं उदाहरण म्हणजे ‘द डे बिफोर’ हा गेम: ७ डिसेंबर २०२३ ला अर्ली ॲक्सेसमध्ये विक्रीला आला आणि चारच दिवसांत स्टुडिओनं बंद होत असल्याचं जाहीर केलं. डिस्कॉर्डही लगेच बंद करू नका. महिनाभर एक जण तरी उत्तराला असावा, कारण रिफंड कसा मागायचा हे विचारणारे उशिरानं येतात.